इंजिनाच्या मदतीला मोटर : हायब्रिड सुपरकारची वाटचाल

मार्च २०१३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फेरारीने ‘लाफेरारी’ आणि मॅक्लारेनने ‘पी१’ या गाड्यांवरचा पडदा उघडला. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्शच्या ‘९१८ स्पायडर’चे उत्पादन सुरू झाले. तिन्ही गाड्यांत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी होती. तोवर हायब्रिड म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर टोयोटाची प्रियस यायची : पेट्रोल वाचवणारी, सिग्नलला इंजिन बंद करून निमूट उभी राहणारी, शहाण्यासुरत्या माणसाची गाडी. सुपरकारचा संसार नेमका याच्या उलटा. तिथे पेट्रोल किती जळते हे कोणी विचारत नाही. वजन किती, आवाज कसा आणि पॅडल दाबल्यावर गाडी किती चटकन उसळते, एवढेच पाहिले जाते. अशा गाडीत बॅटरी, जाड तारा आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा घालणे म्हणजे शर्यतीच्या घोड्यावर धान्याची गोणी लादणे, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचेही नव्हते.

तरीही पुढच्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने हीच वाट धरली. ती का धरली, याचे उत्तर प्रदूषणाच्या कायद्यांत थोडे आहे, शर्यतीच्या मैदानात थोडे आहे आणि पेट्रोल इंजिनाच्या एका जुन्या उणिवेत बरेच आहे.

कल्पना मुळात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. १९०० साली व्हिएन्नात लोनर या बग्ग्या बनवणाऱ्या कारखान्यासाठी काम करताना तरुण फर्डिनांड पोर्श यांनी ‘सेम्पर व्हिवुस’ नावाची गाडी उभी केली. तिच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी होत्या आणि दोन लहान पेट्रोल इंजिने जनित्रे फिरवून त्यांना वीज पुरवत. शिशाच्या बॅटऱ्या अतिशय जड, पेट्रोल इंजिन मात्र वर्षागणिक हलके आणि बलवान होत गेले. साहजिकच वेगाच्या गाड्यांनी पुढची शंभर वर्षे विजेकडे पाठ फिरवली. लिथियम बॅटरी हाताशी आली तेव्हा हिशेब बदलला, आणि तो आधी बदलला फॉर्म्युला वनमध्ये.

धावती गाडी ब्रेक लावून थांबवली की तिची गतिज ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात वाया जाते. ती साठवून पुन्हा चाकांना देणारी यंत्रणा म्हणजे ‘कर्स’. फॉर्म्युला वनच्या २००९च्या नियमांनी तिला परवानगी दिली. मर्यादा अशी की एका फेरीत ४०० किलोज्यूल ऊर्जा आणि जास्तीत जास्त ६० किलोवॅट, म्हणजे साधारण ८० अश्वशक्ती, वापरता येईल. म्हणजे चालकाच्या अंगठ्याखालच्या बटणात दर फेरीला जेमतेम पावणेसात सेकंदांचा जोर. सुरुवात काही शुभ झाली नाही. जुलै २००८ मध्ये हेरेथच्या चाचणीत बीएमडब्ल्यूच्या गाडीला हात लावताच एक मेकॅनिक विजेचा धक्का बसून मागे कोसळला, आणि त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. यंत्रणेच्या वजनामुळे गाडीचा तोल हवा तसा साधता येईना. अनेक संघांनी ती वापरलीच नाही, आणि त्या वर्षीचे विजेतेपद मिळवणाऱ्या ब्रॉन संघाच्या गाडीतही कर्स नव्हते.

पण दोन शर्यतींनी चित्र पालटले. जुलै २००९ मध्ये हंगेरीत लुईस हॅमिल्टनने कर्स असलेल्या गाडीचा पहिला विजय नोंदवला. ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया संघाचा जियानकार्लो फिजिकेला सर्वांच्या पुढून सुटला होता. सुरुवातीच्या अपघातानंतर सेफ्टी कार बाजूला झाली आणि शर्यत पुन्हा सुटली. तेव्हा फेरारीच्या किमी रायकोनेनने चढावरच्या लांब सरळ पट्ट्यात बटण दाबले आणि तो फिजिकेलाच्या पुढे निघून गेला. उरलेल्या शर्यतीत फिजिकेला त्याच्या मागोमाग, बहुतेक वेळ त्याच्याहून वेगवान, पण सरळ पट्टा आला की तेच बटण आडवे येई. शेवटी दोघांत एका सेकंदाचेही अंतर नव्हते. पुढची पंधरा वर्षे रस्त्यावरच्या सुपरकारमध्ये जे झाले त्याचा गाभा या एका शर्यतीत होता : वीज थोडीच, पण ती कुठे वापरायची हे ठाऊक असले म्हणजे झाले.

२०१० हे वर्ष नमुन्यांचे ठरले. मार्चमध्ये जिनिव्हाला पोर्शने ९१८ची संकल्पना मांडली, तर फेरारीने ५९९ गाडीत हायब्रिड यंत्रणा बसवून ती हिरव्या रंगात आणली. लाल रंगाच्या कंपनीने पर्यावरणाचा संदेश इतक्या ढोबळपणे द्यायला नको होता. त्याच वर्षी पोर्शने ‘९११ जीटी३ आर हायब्रिड’ ही शर्यतीची गाडी न्यूरबर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. तिच्यात रासायनिक बॅटरी नव्हतीच. चालकाशेजारी जिथे प्रवासी बसतो तिथे मिनिटाला ४०,००० फेरे घेऊ शकणारे एक चक्र होते; ब्रेक लावला की ते वेग घ्यायचे आणि वळणातून बाहेर पडताना पुढच्या दोन मोटरींना वीज द्यायचे. ही गाडी आठ तास आघाडीवर राहिली आणि शर्यत संपायला दोन तासही उरले नसताना बंद पडली. दगा दिला तो पेट्रोल इंजिनाने. नवी यंत्रणा शेवटपर्यंत शाबूत होती.

त्याच वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनातल्या एका गाडीचे सूत्र थेट मुंबईशी जोडलेले होते. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून २३० कोटी डॉलरना जॅग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या घेतल्या होत्या, आणि जॅग्वारच्या पंचाहत्तरीनिमित्त ‘सी-एक्स७५’ ही संकल्पना मांडली गेली. चार चाकांना चार मोटरी आणि बॅटरी भरण्यासाठी चक्क दोन छोटे गॅस टर्बाइन. ते ब्लेडन जेट्स या कंपनीचे, आणि त्या कंपनीतही टाटांची गुंतवणूक होती. मे २०११ मध्ये जॅग्वारने जाहीर केले की फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स कंपनीच्या साथीने अशा जास्तीत जास्त २५० गाड्या प्रत्यक्ष बनवल्या जातील. टर्बाइनचा नाद मात्र सोडून द्यावा लागला. त्याऐवजी आले १.६ लिटरचे, अवघ्या चार सिलिंडरचे इंजिन. त्याला टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही जोडून, मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत पळवून पाचशेच्या वर अश्वशक्ती काढली होती. दोन विजेच्या मोटरी मिळून एकूण ताकद साडेआठशेच्या पुढे जात होती. चालते नमुने तयार झाले, त्यांच्या चाचण्याही झाल्या आणि डिसेंबर २०१२ मध्ये, जिनिव्हाच्या त्या प्रदर्शनाला तीन महिने असताना, जॅग्वारने प्रकल्प गुंडाळला. मंदीच्या दिवसांत दहा लाख पौंडांच्या आसपासची गाडी विकायला काढणे बरे दिसत नाही, हे कारण दिले गेले. या तंत्रज्ञानाच्या इतिहासात सी-एक्स७५ची नोंद सहसा तळटीप म्हणून होते, आणि हे अन्यायाचे आहे. लहान, जिद्दी इंजिन आणि सोबत वीज ही पुढे अनेकांनी गिरवलेली मांडणी तिच्यात आधीच आकाराला आली होती. २०१५च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात रोमच्या रस्त्यांवरून पळणारी खलनायकाची गाडी हीच. मात्र चित्रपटासाठी बनवलेल्या गाड्यांत हायब्रिड यंत्रणा नव्हती, साधे व्ही८ इंजिन होते. उड्या आणि धडका सोसायला तेच बरे पडले.

आता २०१३च्या त्या तीन गाड्यांकडे. मोटारींच्या नियतकालिकांनी त्यांची लगेच त्रिमूर्ती करून टाकली. किंमत, वेग, ताकद सगळेच जवळपास सारखे, त्यामुळे तुलनेला ऊत आला. खरे तर तिघींनी वीज तीन वेगळ्या कामांसाठी वापरली होती.

मॅक्लारेन पी१च्या ३.८ लिटरच्या व्ही८ इंजिनाला दोन टर्बो होते. टर्बोचा दोष जुना : पॅडल दाबल्यावर एक्झॉस्टचा झोत वाढून टर्बोचे पाते वेग घेईपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही. पी१ची १७९ अश्वशक्तीची मोटर नेमका तो क्षण भरून काढी. विजेच्या मोटरला पूर्ण टॉर्क द्यायला वेग घेण्याची गरज नसते, ती जागच्या जागी जोर देते. त्यामुळे मॅक्लारेनच्या अभियंत्यांना अधिक मोठे टर्बो बसवण्याची मोकळीक मिळाली. ते उशिरा जागे झाले तरी चालणार होते. वरचा गिअर टाकताना हीच मोटर उलटा जोर लावून इंजिनाचे फेरे झटकन खाली आणी. एकूण ताकद ९१६ अश्वशक्ती. गंमत म्हणजे ब्रेक लावताना वीज साठवणे, जे हायब्रिडचे पहिले लक्षण मानले जाते, ते या गाडीत नव्हतेच. ब्रेकच्या पॅडलचा स्पर्श बिघडू नये म्हणून मॅक्लारेनने ते मुद्दाम टाळले आणि धावताना बॅटरी इंजिनाकडूनच भरून घेतली. पर्यावरणवाद्याला हे ऐकून कपाळावर हात मारावासा वाटेल, पण यातून हेतू स्वच्छ दिसतो.

लाफेरारीत टर्बो नव्हतेच. ६.३ लिटरचे व्ही१२ इंजिन, ८०० अश्वशक्ती, मिनिटाला ९,२५० फेऱ्यांची मर्यादा. वरच्या फेऱ्यांसाठी घडवलेले इंजिन खालच्या फेऱ्यांत नेहमीच थोडे मलूल असते. एरवी अभियंत्याला दोन्हींत तडजोड करावी लागते. इथे खालची बाजू १६३ अश्वशक्तीच्या मोटरने सांभाळली, आणि इंजिन निश्चिंतपणे वरच्या पट्टीसाठी जुळवता आले. निव्वळ विजेवर चालण्याची सोय फेरारीने दिली नाही. इंजिन बंद ठेवून हिंडायचे असेल तर फेरारी कशाला घ्यावी, असा त्यामागचा विचार दिसतो. या गाडीशी आणखी एक वळण जोडलेले आहे. चाळीस वर्षांत प्रथमच एखाद्या फेरारीच्या आखणीत पिनिनफरिना या तुरिनच्या संस्थेचा हात नव्हता. पुढे २०१५ अखेर महिंद्र समूहाने ती संस्था विकत घेतली, आणि तिच्या नावाने निघालेली ‘बातिस्ता’ ही गाडी पूर्णपणे विजेवर चालणारी निघाली.

पोर्श ९१८ सर्वांत पद्धतशीर. ४.६ लिटरचे व्ही८ इंजिन, मागच्या चाकांसाठी एक मोटर, पुढच्या आसाला दुसरी. पुढची चाके इंजिनाला कुठेही जोडलेली नव्हती, त्यांना फक्त वीज मिळे. म्हणजे लांब दांडा आणि जड गिअर न घालता चारही चाकांना ताकद. बॅटरी ६.८ किलोवॅट-तासांची, तिघींत सर्वांत मोठी, आणि वजनही सर्वांत जास्त. इंजिनाचे एक्झॉस्ट पाइप मागच्या बंपरखाली नसून चालकाच्या डोक्यामागे, सरळ आकाशाकडे तोंड करून उघडत. ते दिसायला भन्नाट होतेच, पण मुख्य कारण बॅटरीचे होते : इंजिनाची उष्णता शक्य तितक्या जवळच्या वाटेने वर निघून गेली तर बॅटरी थंड राहते. स्टिअरिंगवरची लहानशी गोल कळ फिरवली की गाडी निव्वळ विजेवर, चोरपावलांनी, तीसेक किलोमीटरपर्यंत जाऊ शके; तीच कळ शेवटापर्यंत नेली आणि तिच्या मधले लाल बटण दाबले की बॅटरी एका वेगवान फेरीसाठी रिकामी केली जाई. सप्टेंबर २०१३ मध्ये मार्क लीबने न्यूरबर्गरिंगची २०.६ किलोमीटरची फेरी ६ मिनिटे ५७ सेकंदांत पुरी केली. रस्त्यावर चालवता येणाऱ्या, कारखान्यात बनणाऱ्या गाडीने तिथे सात मिनिटांचा उंबरा ओलांडण्याची ही पहिली वेळ. हायब्रिडविरुद्धचा वजनाचा मुद्दा त्या दिवशी लंगडा पडला, कारण १,६०० किलोंच्या वरची गाडी कितीतरी हलक्या गाड्यांहून वेगवान ठरली होती.

पोर्शने ९१८ गाड्या बनवल्या, मॅक्लारेनने ३७५, फेरारीने ४९९ आणि आणखी एक, जी इटलीतल्या २०१६च्या भूकंपग्रस्तांसाठी लिलावात ७० लाख डॉलरना गेली.

यात कायद्याचा वाटा किती? युरोपीय संघाने २००९ मध्ये नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घातली : आधी किलोमीटरला १३० ग्रॅम, पुढे ९५. लहान उत्पादकांना त्यात वेगळी उद्दिष्टे मागण्याची सवलत होती, पण पोर्श आणि लॅम्बोर्गिनी फोक्सवॅगन समूहात असल्याने त्यांचा हिशेब समूहाच्या हिशेबात मिसळे. आणि इथे मोजमापाचा एक विचित्र प्रकार कामाला आला. प्लगने चार्ज होणाऱ्या हायब्रिडची चाचणी दोनदा घेतली जाई, एकदा बॅटरी भरलेली असताना आणि एकदा रिकामी असताना. मग दोन चार्जिंगमध्ये गाडी रिकाम्या बॅटरीवर फक्त २५ किलोमीटर धावते असे गृहीत धरून सरासरी काढली जाई. म्हणजे गाडी विजेवर २५ किलोमीटर गेली की कागदावरचा पेट्रोलचा आकडा जवळपास निम्मा. म्हणूनच ८८७ अश्वशक्तीच्या ९१८ स्पायडरच्या कागदपत्रांत १०० किलोमीटरला सुमारे ३ लिटर आणि किलोमीटरला सत्तरेक ग्रॅम असे आकडे दिसतात, जे प्रियसलाही लाजवतील. शर्यतीच्या पट्ट्यावर नेलेल्या गाडीचा या आकड्यांशी काडीचा संबंध नाही. हायब्रिड सुपरकारला ढोंग म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा हाच, आणि तो आजवर कोणी खोडलेला नाही.

दरम्यान शर्यतीत विजेचे बस्तान पक्के बसले. २०१२ मध्ये ऑडीने हायब्रिड गाडीने ल मांची २४ तासांची शर्यत पहिल्यांदा जिंकली. फॉर्म्युला वनने २०१४ पासून १.६ लिटरचे टर्बो व्ही६ आणि १२० किलोवॅटची मोटर सक्तीची केली. पोर्शची ९१९ हायब्रिड २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे ल मां जिंकली, आणि निवृत्त झाल्यावर, नियमांच्या बेड्या काढून, जून २०१८ मध्ये टिमो बर्नहार्डने तिच्यात न्यूरबर्गरिंगची फेरी ५ मिनिटे १९ सेकंदांत मारली.

रस्त्यावर मात्र त्रिमूर्तीनंतरची काही वर्षे चाचपडण्याचीच गेली. बीएमडब्ल्यूची आय८ भविष्यातून आल्यासारखी दिसे, पण तीन सिलिंडरच्या तिच्या इंजिनामुळे तिला सुपरकार म्हणावे की नाही यावर वाद. होंडाने एनएसएक्स हे जुने, लाडके नाव तीन मोटरी आणि टर्बो व्ही६ लावून २०१६ मध्ये परत आणले. गाडी चांगली होती, वळणात पुढची दोन चाके वेगवेगळ्या जोराने फिरवून ती जागच्या जागी वळल्यासारखी वळे. पण पहिली एनएसएक्स ज्या साधेपणासाठी प्रसिद्ध होती तोच हिच्यात राहिला नाही. २०२२ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा एकूण संख्या तीन हजारांच्या आतच होती. स्वीडनच्या कोनिगसेगने ‘रेगेरा’त वेगळेच धाडस केले. मोटरींचा टॉर्क एवढा आहे तर गिअरबॉक्स हवाच कशाला, म्हणून तो काढूनच टाकला, आणि बॅटरीच्या वजनाची बरीच भरपाई तिथेच झाली. अशा ८० गाड्या बनल्या.

लॅम्बोर्गिनीची ‘सियान’ (२०१९, अवघ्या ६३ गाड्या) या सगळ्यांत वजनाबाबत सर्वांत काटकसरी. तिच्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आहे, जो वीज फार साठवत नाही पण क्षणात घेतो आणि क्षणात देतो. मोटर केवळ ३४ अश्वशक्तीची आणि सारी यंत्रणा ३४ किलोंची. ८१९ अश्वशक्तीच्या गाडीत ३४ने काय होणार, असे वाटेल. पण लॅम्बोर्गिनीचा एकाच क्लचचा गिअरबॉक्स वर्षानुवर्षे झटक्यासाठी बदनाम होता. गिअर बदलताना क्षणभर चाकांचा जोर तुटे आणि बसणाऱ्याची मान पुढे जाई. ही छोटी मोटर नेमक्या त्या खंडात ढकलते आणि झटका विरतो. एक दुखणे, त्यावर एक मात्रा, जास्तीचे काही नाही. मोठमोठ्या आकड्यांच्या जाहिरातींत हे शहाणपण झाकले गेले.

त्याच वर्षी आलेल्या फेरारीच्या ‘एसएफ९० स्ट्रादाले’ने हायब्रिडला मर्यादित संख्येच्या गाड्यांतून बाहेर काढले. ती नेहमीच्या उत्पादनातली गाडी होती : ७८० अश्वशक्तीचे व्ही८, तीन मोटरींची २२०, बेरीज बरोबर हजार. विजेवर २५ किलोमीटर. तिच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स गिअरच नाही. मागे घ्यायची असेल तर पुढच्या दोन मोटरी उलट्या फिरतात आणि रस्त्यावरची तेव्हाची सर्वांत ताकदवान फेरारी आवाज न करता पार्किंगमधून बाहेर पडते. वजन वाचवण्याची ही युक्ती नंतर इतरांनीही घेतली. पण एसएफ९०च्या हायब्रिड यंत्रणेचे वजन २७० किलोंच्या घरात होते, आणि वळणांवर ते जाणवते, अशी तक्रार चाचणी घेणाऱ्यांनी केलीच. २०२१ च्या ‘२९६ जीटीबी’त फेरारीने हिशेब सुधारला. मागे एकच मोटर, १२० अंशांच्या कोनातले तीन लिटरचे व्ही६, एकूण ८३० अश्वशक्ती. कारखान्यात त्या इंजिनाला लाडाने ‘छोटा व्ही१२’ म्हणत. ज्यांना सहा सिलिंडरची फेरारी ऐकूनच दुःख झाले होते, त्यांच्यापैकी अनेकांचे मत गाडी चालवल्यावर बदलले. मॅक्लारेनची आर्टुराही त्याच वर्षीची, जवळपास त्याच मांडणीची आणि भरल्या टाकीसह दीड हजार किलोंच्या आत ठेवलेली.

हव्यास कुठवर जाऊ शकतो याचा नमुना मर्सिडीज-एएमजी वनने दाखवला. फॉर्म्युला वनचे विजेते इंजिन जसेच्या तसे रस्त्यावर आणायचे, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. शर्यतीच्या गाडीत ते इंजिन उभ्या अवस्थेतही मिनिटाला सुमारे ५,००० फेऱ्यांवर चालते. रस्त्यावर तेच १,२०० वर शांत, धूर न सोडता आणि न अडखळता चालायला हवे. एवढे एक काम साधायला वर्षे गेली. गाड्या ग्राहकांपर्यंत पोहोचू लागायला २०२३ उजाडले, आणि ५०,००० किलोमीटरनंतर इंजिन खोलून पुन्हा बांधावे लागणार होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारो एंगेलने तिच्यात न्यूरबर्गरिंगची फेरी ६ मिनिटे ३५ सेकंदांत पुरी केली. विक्रम झाला, पण ज्या वाटेने झाला ती दुसऱ्या कोणी धरलेली नाही.

विरोधी बाजूही नुसती तक्रार करत बसली नव्हती. १९९२ ची मॅक्लारेन एफ१ घडवणारे गॉर्डन मरे यांनी २०२० मध्ये ‘टी.५०’ सादर केली. ३.९ लिटरचे व्ही१२, मिनिटाला १२,१०० फेरे, हाताने टाकायचे सहा गिअर, चालक मध्यभागी आणि वजन हजार किलोंच्या आत. हायब्रिड यंत्रणा नाही, टर्बो नाही. शंभर गाड्या हातोहात गेल्या. ताकद ६६३ अश्वशक्तीच, पण एसएफ९०पेक्षा सहाएकशे किलो हलकी. गाडी चालवण्याचा आनंद हेच मोजमाप असेल तर मरे यांची बाजू आजही वरचढ आहे; फेरीची वेळ हे मोजमाप असेल तर नाही.

लॅम्बोर्गिनीपुढचा पेच दोन्ही बाजूंचा होता. व्ही१२ सोडले तर गिऱ्हाईक जाईल, ठेवले तर धुराच्या नियमांत बसणार नाही. २०२३च्या ‘रेव्युएल्तो’ने तो सोडवला. टर्बो नसलेले ६.५ लिटरचे नवे व्ही१२, तीन मोटरी, एकूण १,०१५ अश्वशक्ती आणि गाडीच्या मधल्या बोगद्यात, जिथे आधी गिअरबॉक्स होता तिथे, ३.८ किलोवॅट-तासांची बॅटरी. नुसते वजन पाहिले तर आधीच्या अव्हेंटाडोरपेक्षा सुमारे दोनशे किलो जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये ही गाडी भारतात ८.८९ कोटी रुपये शोरूम किमतीला आली. मोटर नसती तर हे इंजिनही बहुधा नसते, आणि इथे सगळ्या वादाला निराळे वळण मिळते. पोर्शने २०२४ मध्ये ९११ गाडीला दिलेला उपाय याहून बेताचा : टर्बोच्या दांड्यावर एक मोटर, गिअरबॉक्समध्ये एक, १.९ किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी, प्लग नाही, आणि वजनात फक्त पन्नासेक किलोंची भर.

पुढची पायरी म्हणजे इंजिनच काढून टाकणे, असे २०२०च्या सुमारास सगळेच धरून चालले होते. क्रोएशियाच्या माटे रिमाच यांची ‘नेव्हेरा’ आणि पिनिनफरिनाची ‘बातिस्ता’ यांनी हायब्रिडला वेगात सहज मागे टाकले. पण प्रत्येकी दीडशे गाड्या ठरवूनही त्या झटपट खपल्या नाहीत. लॅम्बोर्गिनीने आपली विजेची गाडी पुढे ढकलली. २०२१ पासून बुगाटीची सूत्रेही रिमाच यांच्याकडे आली होती, आणि जून २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांवर नाव कमावलेल्या याच माणसाने बुगाटी ‘टूर्बियाँ’साठी चार टर्बोंचे जुने इंजिन बाजूला सारून टर्बो नसलेले ८.३ लिटरचे व्ही१६ मांडले. इंजिनाची हजार अश्वशक्ती, मोटरींची आठशे, बॅटरी २५ किलोवॅट-तासांची, आणि एवढे करूनही वजन आधीच्या शिरॉनपेक्षा जास्त नाही, असा कंपनीचा दावा. मोटरी नसत्या तर टर्बोविना एवढी ताकद काढणे अशक्य होते. फेरारीने त्याच वर्षी १,२०० अश्वशक्तीची हायब्रिड ‘एफ८०’ काढली आणि शेजारी, कोणतीही मोटर नसलेली, ८३० अश्वशक्तीची ‘१२चिलिंद्री’ही ठेवली. अॅस्टन मार्टिनच्या व्हाल्कीरीची गोष्ट त्याहून मजेची : रस्त्यावरची गाडी हायब्रिड, पण २०२५ मध्ये ल मांच्या शर्यतीत उतरलेल्या तिच्या रूपातून विजेचा भाग काढलेला. रस्त्यावरून शर्यतीत जाताना हायब्रिड गळून पडणे हे गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या प्रवाहाच्या नेमके उलट आहे.

राहतो तो बॅटरीच्या वयाचा प्रश्न, आणि संग्राहकांना तो आताच भेडसावतो. तीस वर्षांपूर्वीचे व्ही१२ इंजिन चांगला कारागीर आजही खोलून बांधू शकतो. लिथियमच्या पेशी मात्र गाडी नुसती गॅरेजमध्ये उभी असली तरी वर्षागणिक क्षमता गमावतात, आणि अवघ्या काहीशे गाड्यांसाठी बनवलेला बॅटरीसंच बाजारात मिळत नाही. त्रिमूर्तीतल्या गाड्यांनी दहा वर्षे ओलांडली तसा हा खर्च लिलावांच्या चर्चेत येऊ लागला. २०२४ मध्ये फेरारीने आपल्या हायब्रिड गाड्यांसाठी वाढीव वॉरंटीची योजना आणली. वार्षिक शुल्क भरणाऱ्या मालकाला आठव्या वर्षी आणि पुन्हा सोळाव्या वर्षी बॅटरीसंच नवा बसवून मिळतो.